अनुकंपी

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या उंचवट्याखाली
केसाएवढी बारीक सुई रोवली आहे.
हलू नकोस, असं सांगितलंय रिस्तेनला.
एकसष्ट वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

उमिओमधलं तळघर. बाहेर वजा एकोणीस.
आडव्या पडल्या पडल्या तिला दिसतं ते एवढंच:
डॉक्टर हेडविगच्या मोज्याला अंगठ्यापाशी पडलेलं भोक
आणि कपाटावरचा एक जुना स्पीकर.

सुई कणाकणाने सरकते.
पाऊण तास नुसती खरखर,
मग खरखरीतून लय वर येते.
माळावरून वारा यावा, थांबावा,
पुन्हा यावा, तशी.

"ही तुमची नस," हेडविग म्हणते,
"पायातल्या रक्तवाहिन्यांना सांगते आहे,
आवळा, आता सोडा, आता पुन्हा आवळा.
तुम्ही झोपलात तरी सांगत राहते.
तुम्हाला विचारत नाही."
"आमची आई तशीच होती," रिस्तेन म्हणते,

आणि ठोका चुकतो.

चुकतो म्हणजे खरं तर आधीच येतो.
अर्धवट भरलेलं हृदय घाईने पिळलं जातं,
हाती फारसं काही लागत नाही,
मग ती लांब पोकळी,
जिन्यात शेवटची पायरी आहे समजून
टाकलेला पाय.

मानेतल्या धमनीच्या भिंतीला कळतं, ताण उतरला.
ती बोलायची थांबते.
तिचं थांबणं हाच निरोप.
आणि इकडे गुडघ्याशी, स्पीकरमधून,
सगळा वारा एकदम सुटतो.

रिस्तेन दचकते. "एवढं मोठं? हे मी?"
मग पुढचा ठोका, भरलेला, दांडगा, बरगडीवर धपका.
मग नस गप्प.
काही ठोके भराभर, नंतरचे जरा रेंगाळत;
भटकी नस लगाम हातात घेते आहे.

आपण म्हणतो, भीतीने काळजाचा ठोका चुकला.
इथे उलटं.
ठोका आधी चुकतो,
भीती मागून धावत येते, चपलासुद्धा न घालता.

मराठी पुस्तकांत या नसांना अनुकंपी म्हणतात.
शब्द फोडून पाहिला तर:
दुसरा कापला की त्याच्या मागोमाग कापणं.
रिस्तेनला हा शब्द माहीत नाही.
तिला रेनडिअर माहीत आहेत.
चालताना त्यांच्या पायातला स्नायुबंध टकटक वाजतो.
हिमवादळात पुढचं जनावर दिसत नाही,
टकटक ऐकू येते, तेवढ्यावर कळप चालतो.
एखादी टकटक थांबली
की बर्फाखालचं दगडफूल उकरणारी
शंभर मुंडकी वर होतात.

हे ती हेडविगला सांगत नाही.
ती आंतेबद्दल विचारते. धाकटा भाऊ.
त्याचेही ठोके असेच चुकायचे,
झटका येऊन गेल्यावर जास्तच.
त्याचा चोवीस तासांचा आलेख इथेच काढला होता.

हेडविग भोक पडलेला मोजा दुसऱ्या पायामागे लपवते.
"त्यांच्या आलेखात, चुकलेल्या ठोक्यानंतर
पुढचे ठोके सरळ चालत राहिले होते.
घाई नाही. रेंगाळणं नाही."

म्हणजे कुणी मुंडकं वर केलं नाही.

एप्रिलमध्ये तो सापडला तेव्हा
त्याच्या स्नोस्कूटरचं इंजिन चालूच होतं.
एका लयीत, असं बघणारे म्हणाले होते.

"तुमच्या नसेला आवाज आहे," हेडविग म्हणते.
चांगलं की वाईट, ते म्हणत नाही.
कागदावर काहीतरी लिहिते, खोडते.

"पुन्हा ऐकवा."
"ते माझ्या हातात नाही."
मग दोघी गप्प बसतात.
वारा येतो, थांबतो, येतो.
हृदय आज्ञाधारक मुलासारखं, एकही चूक नाही,
दहा मिनिटं, वीस.
कॉफीवर साय धरते.

हिवाळाभर जिच्या धास्तीने ती उशीवरून उठून बसली,
त्या पोकळीची
रिस्तेन वाट बघते आहे,
न हलता.